त्या काळाची रीत, पण कोणाची?

लिव्हरपूलमधल्या एका दुकानातून १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या थॉमस क्लार्कसनने काही लोखंडी वस्तू विकत घेतल्या. हातकड्या, पायातल्या बेड्या, अंगठे चेपायचा स्क्रू आणि कर्कटकासारखे दिसणारे एक हत्यार. या हत्याराची मिटलेली टोके दातांच्या फटीत घुसवायची आणि मागचा स्क्रू पिळत जायचे, की टोके फाकत आणि घट्ट मिटलेला जबडा उघडत असे. दातखीळ बसलेल्या रोग्यासाठी वैद्य हे वापरतात, असे दुकानदाराने सांगितले. गुलाम वाहणाऱ्या जहाजांवरही ते लागे, कारण जहाजावर चढवलेली माणसे पुष्कळदा अन्नाला तोंड लावत नसत.

हे हत्यार मी मुद्दाम आधी मांडले. गुलामांच्या व्यापाराबद्दल, त्याच्या माफीबद्दल किंवा भरपाईबद्दल विषय निघाला की एक वाक्य हमखास येते: त्या काळाची रीतच तशी होती, आजच्या फूटपट्टीने तेव्हाची माणसे मोजू नका. इंग्लंड-पोर्तुगालात हे म्हटले जाते, आणि आपल्याकडची चांगली शिकलेली मंडळीही म्हणतात. माझ्या मते हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे, कारण त्यात ‘तो काळ’ फक्त डेकवरच्या माणसांच्या मालकीचा धरलेला आहे. डेकखालीही माणसे होती. तीही त्याच काळातली होती आणि ही रीत त्यांनी कधीच मान्य केली नव्हती. त्यासाठी कोणाच्या मनात शिरून बघायची गरज नाही. जहाजांची बांधणी, सामानाच्या याद्या, विम्याची भांडणे आणि कायद्यांची कलमे एवढे पुरेसे आहे.

बांधणीपासूनच सुरुवात करू. जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचले की त्यावरचा सुतार कामाला लागे. डेकवर आडवी, आठेक फूट उंचीची फळ्यांची भिंत उभारली जाई. ती दोन्ही बाजूंना जहाजाच्या कडेच्या बाहेर जवळजवळ दोन फूट काढलेली असे, म्हणजे कडेने वळसा घालून कोणी पलीकडे येऊ नये. भिंतीत एका वेळी एकच माणूस जाईल एवढे दार असे आणि वरून बंदुका रोखलेल्या असत, तोंडे कैद्यांच्या बाजूला. जहाजाच्या कडांना जाळ्या बांधत, कारण संधी मिळाली की माणसे समुद्रात उड्या घेत. एरवीच्या मालवाहू जहाजापेक्षा खलाशीही बरेच जास्त घ्यावे लागत. साखरेची पोती किंवा तंबाखूची गाठोडी वाहणाऱ्या जहाजाला यातले काही लागत नाही. ही भिंत, या जाळ्या, हे जादा खलाशी यांचा खर्च मालक फेरीमागून फेरी करत होता. आपल्या ‘मालाला’ ही रीत पटलेली नाही, हे त्याला जमाखर्चाच्या वहीतून नेमके ठाऊक होते.

आणि भिंत दर वेळी पुरली नाही. साधारण दहा फेऱ्यांमागे एका फेरीत बंड झाले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १७३० च्या जून महिन्यात ‘लिटल जॉर्ज’ हे ऱ्होड आयलंडचे जहाज शंभराला थोडे कमी कैदी घेऊन गिनीच्या किनाऱ्यावरून निघाले. थोड्याच दिवसांत, पहाटेच्या अंधारात काही पुरुषांनी बेड्या सोडवल्या, पहाऱ्यावरच्यांना मारले आणि कप्तानासह उरलेल्या खलाशांना खालच्या केबिनमध्ये कोंडले. मग त्यांनी ते जहाज सिएरा लिओनच्या नदीकडे परत आणले आणि ते उतरून निघून गेले. बहुतेक बंडांचा शेवट मात्र फार भयंकर झाला. ओट्टोबा कुगोआनो या गोल्ड कोस्टवरून (म्हणजे आजच्या घानातून) लहानपणी पळवलेल्या माणसाने पुढे लंडनमध्ये १७८७ साली लिहून ठेवले, की त्याच्या जहाजावर जहाजच पेटवून द्यायचा बेत ठरला होता, आणि आग लावायचे काम बायकांनी आणि पोरांनी करायचे होते. ते का, तर पुरुष जोडीजोडीने बेड्यांत असत, बायका-मुले पुष्कळदा मोकळी. बेत फुटला आणि डेकवर रक्त सांडले. बाया आणि पोरे जिवंत जळायला तयार होती, ही गोष्ट त्या काळाच्या रीतीत कुठे बसवायची?

आता मार्ग. शाळेतल्या नकाशात तीन बाण असतात: युरोपातून आफ्रिकेला बंदुका, दारू आणि कापड, आफ्रिकेतून कॅरिबियनला माणसे, तिथून युरोपला साखर. लिव्हरपूल, ब्रिस्टल किंवा फ्रान्समधल्या नांतच्या जहाजांपुरते हे बरोबर आहे. उत्तर अटलांटिकचे वारे आणि प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. कॅनरी प्रवाहाने दक्षिणेला उतरायचे, व्यापारी वाऱ्यांवर पश्चिमेला जायचे आणि गल्फ स्ट्रीम व पश्चिमी वारे धरून घरी यायचे. पण विषुववृत्ताच्या दक्षिणेला हे चक्र उलटे फिरते, आणि तिथे त्रिकोण लागूच पडत नाही. ब्राझीलमधल्या रिओ आणि साल्व्हादोरची जहाजे उसाची दारू किंवा काकवी लावलेला तंबाखू भरून थेट अंगोलातल्या लुआंडाला किंवा बेनिनच्या आखाताला जात आणि माणसे भरून थेट परत येत. युरोपचे बंदर वाटेत येतच नसे. जहाजांवर चढवलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांपैकी जवळपास एकोणपन्नास लाख ब्राझीलमध्ये उतरली. आज ज्याला अमेरिका म्हणतो तिथे उतरलेली चार लाखांहूनही कमी होती. आपल्या वाचनात गुलामगिरी म्हणजे मिसिसिपीकाठचे कापसाचे मळे, पण जहाजांच्या नोंदी बघितल्या तर या व्यापाराचे सर्वांत मोठे टोक रिओ आणि साल्व्हादोरचा बाहिया प्रांत होते. रिओत जिथे ही माणसे उतरवत तो वालोंगोचा जुना धक्का रस्त्याखाली गाडला गेला होता. तो २०११ मध्ये खोदकामात पुन्हा वर आला आणि २०१७ मध्ये जागतिक वारसा ठरला.

मार्गाच्या लांबीवर जगणे-मरणे ठरे. लुआंडाहून रिओला पाच-सहा आठवडे लागत. उत्तरेकडच्या वाटेने दोन महिने किंवा त्याहून जास्त, आणि मोझांबिकहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्यांना आणखी जास्त. पण कैद्याचा प्रवास शीड उभारल्यावर सुरू होत नसे. कप्तान किनाऱ्याने हिंडत आज दोन, उद्या पाच अशी माणसे विकत घेई आणि जहाज भरेपर्यंत महिनेच्या महिने जात. पहिल्या आठवड्यात घेतलेला माणूस तेवढा काळ डेकखाली पडून, किनारा दिसतो आहे अशा अंतरावर. उड्या घेण्याचे प्रकार याच दिवसांत फार होत.

डेकखालची जागा किती, हे कागदावर आहे. ‘ब्रुक्स’ या लिव्हरपूलच्या जहाजाचे प्रसिद्ध चित्र अनेकांनी पाहिलेले असते, आडव्या माणसांच्या रांगाच रांगा. त्यात पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा धरली आहे. मुलीला साडेचार फूट लांब आणि एक फूट रुंद. हे चित्र अतिशयोक्त असेल, असे बघणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ते पुष्कळ सौम्य आहे. १७८८ साली ब्रिटिश संसदेने डोल्बेनचा कायदा करून जहाजाच्या टनांप्रमाणे माणसांची मर्यादा घातली आणि ‘ब्रुक्स’च्या वाट्याला ४५४ माणसे आली. चित्र याच मापांवर काढलेले आहे. त्याआधीच्या एका फेरीत हेच जहाज ६०९ माणसे घेऊन गेले होते. म्हणजे ज्या चित्राने आपण हादरतो ते सुधारणेनंतरचे, कायद्यात बसणारे जहाज आहे.

चित्रात वास नाही, आणि द्रवही नाही. अलेक्झांडर फाल्कनब्रिज हा अशा जहाजांवर डॉक्टर म्हणून चार फेऱ्या करून आलेला माणूस. वादळात हवेची भोके बंद करावी लागली आणि रक्ती आव पसरली, की खालची फळी रक्ताने आणि आवेने इतकी माखे की ती कत्तलखान्यासारखी दिसे, असे त्याने लिहिले आहे. दोन माणसे एका बेडीत. एकाला पोट दुखून शौचाच्या टबापर्यंत जायचे तर दुसऱ्याला ओढत, इतरांच्या अंगावरून पडत-झडत जायचे. पुष्कळांना ते जमत नसे आणि ते पडल्या जागी घाण करत. सकाळी दार उघडले की जिवंत माणसाच्या बेडीत मेलेला माणूस सापडे. दिवसा वर आणून त्यांना नाचायला लावत, अंग मोकळे राहावे म्हणून. नाचले नाहीत तर आसूड. डोल्बेनच्या कायद्यात एक बक्षीसही होते: शंभरात दोनपेक्षा जास्त माणसे मेली नाहीत तर कप्तानाला १०० पौंड आणि डॉक्टरला ५०. माणसे जगवता येतात हे संसदेला माहीत होते. जगवण्यासाठी पैसे मोजावे लागतात, हेही. एकूण हिशेब असा, की चढवलेल्या सव्वा कोटींपैकी सुमारे अठरा लाख माणसे वाटेत मेली.

‘झाँग’ या जहाजाचे प्रकरण मला या सगळ्यात जास्त बोलके वाटते. १७८१ च्या नोव्हेंबरात, जमैकाजवळ पोचूनही चुकून पुढे निघून गेलेल्या या जहाजावरून खलाशांनी काही दिवसांत सुमारे १३० माणसे समुद्रात फेकली. पहिल्या खेपेला बायका आणि मुले. मालकांनी विमा कंपनीकडे माणशी ३० पौंडांचा दावा लावला. आजाराने मेलेल्या गुलामाचे पैसे विम्यात मिळत नसत. जहाज वाचवण्यासाठी माल फेकावा लागला तर मिळत. म्हणून कारण सांगितले पाणी संपल्याचे. मधल्या काळात पाऊस पडला होता, आणि जहाज जमैकाला लागले तेव्हा त्यावर ४२० गॅलन पाणी शिल्लक होते. ज्युरीने पहिला निकाल मालकांच्या बाजूने दिला. १७८३ मध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड म्हणाले, की ज्युरीच्या मते हे घोडे फेकण्यासारखेच होते. त्यांनी पुन्हा सुनावणीचा आदेश दिला खरा, पण प्रश्न शेवटपर्यंत पैशाचाच राहिला. खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. तरी हा खून आहे असे म्हणणारे त्याच शहरात होते. ओलाउडाह इक्विआनो हा पूर्वी गुलाम असलेला माणूस ही बातमी घेऊन गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पच्या दारात गेला, आणि शार्पने खुनाचा खटला भरा म्हणून सरकारदरबारी लिहिले. एकाच लंडनमध्ये, एकाच वर्षी, एक म्हणतो घोडे आणि दुसरा म्हणतो खून. मग ‘त्या काळाचे मत’ यांपैकी कोणते?

आणि विरोधाचे हे मत १७८३ मध्येच उगवले असेही नव्हे. कोंगोचा राजा अफोन्सो याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून तक्रार केली, की व्यापारी रोज आमची माणसे, अगदी सरदारांची मुलेसुद्धा पळवतात आणि देश ओस पडत चालला आहे. अंगोलाच्या राजघराण्यातला लोरेन्सो द सिल्व्हा मेंदोन्सा १६८४ मध्ये रोमला पोपच्या दरबारात अर्ज घेऊन गेला, आणि दोन वर्षांनी तिथल्या धर्मपीठाने या व्यापारातल्या अत्याचारांचा निषेधही केला. पेनसिल्व्हानियातल्या जर्मनटाउनच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा लेखी विरोध १६८८ चा. यावर लगेच उत्तर येते, की आफ्रिकन राजांनीच तर माणसे विकली. होय, विकली. अफोन्सोनेही युद्धात धरलेली माणसे विकली होती. आजच्या बेनिनमधल्या डाहोमीच्या राजांचे वैभव उइडा बंदरातून गेलेल्या माणसांवर उभे होते. गुन्ह्यात भागीदार जास्त निघाले म्हणून एकाचाही हिस्सा कमी होत नाही, आणि ज्याला विकले त्याची संमती तर त्यातून मुळीच निघत नाही.

‘रीत’ या युक्तिवादाची खरी अडचण मात्र १८०७ नंतर दिसते. त्या वर्षी ब्रिटनने हा व्यापार बंद केला, १८०८ च्या जानेवारीत अमेरिकेने आयात बंद केली, १८३१ मध्ये ब्राझीलनेही कायदा केला. आता रीत तर नाहीच, उलट गुन्हा. तरीही १८३१ नंतर ब्राझीलमध्ये सात लाखांहून अधिक माणसे चोरून उतरवली गेली. हवाना आणि न्यूयॉर्कमधून पैसा लागला, बाल्टिमोरमध्ये वेगवान जहाजे बांधली गेली. १८६० मध्ये ‘क्लोटिल्डा’ने ११० माणसे अलाबामात आणली आणि पुरावा राहू नये म्हणून कप्तानाने जहाजच जाळले, त्याचा सांगाडा २०१९ मध्ये सापडला. याच काळात ब्रिटन आणि स्पेनच्या १८३५ च्या करारात एक कलम घातले गेले. जहाजावर एकही कैदी नसला तरी गरजेपेक्षा जास्त पाण्याची पिंपे, बेड्या, जादा डेकच्या फळ्या किंवा भलीमोठी कढई सापडली, तर ते गुलामांचे जहाज समजून जप्त करायचे. लोखंड, लाकूड आणि भांडी हीच साक्ष, हे तेव्हाच्या सरकारांनीच लिहून ठेवले आहे.

आता आपल्या बाजूचे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात जे दिले जाई त्यात हिंदुस्थानी सुती कापडाचा वाटा फार मोठा होता. कोरोमंडलचे निळे कापड पाँडिचेरीहून फ्रान्समार्गे सेनेगलला जाई. मालदीवच्या कवड्या बंगाल आणि युरोप करत उइडाच्या बाजारात चलन म्हणून पोचत. आणि मोझांबिकचा तर कारभारच १७५२ पर्यंत गोव्यातून चाले. दीव आणि दमणचे व्यापारी गुजरातचे कापड मोझांबिकला नेत, हस्तिदंत आणत, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथला माणसांचा व्यापार वाढला तेव्हा तोही याच कापडावर चालला. ‘साओ जोझे’ हे पोर्तुगीज जहाज १७९४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाले. त्याच्या सामानाच्या यादीत चौदाशेहून अधिक लोखंडी ठोकळे आहेत, कारण माणसांचे वजन मालासारखे स्थिर नसते आणि जहाज कलंडू नये म्हणून तळाशी वजन भरावे लागते. डिसेंबरमध्ये मोझांबिकहून पाचशेहून अधिक माणसे घेऊन ते ब्राझीलकडे निघाले आणि केपटाउनजवळ खडकावर फुटले. दोनशेवर माणसे बुडाली. वाचली ती थोड्याच दिवसांत तिथेच विकली गेली. तेच ठोकळे समुद्रतळाशी सापडले, आणि त्यांवरूनच हे जहाज ओळखता आले.

गुजरातेतल्या जंबुसरच्या विणकराला आपले ठाण कुठे जाते हे कळायचा मार्ग नव्हता, त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पण मोझांबिक बेटावर दुकान मांडून बसलेल्या व्यापाऱ्याला ते दिसत होते. ब्रिटनला जाब विचारताना आपला हा कोपरा झाकून ठेवणे मला मान्य नाही. आणि आपल्याकडे याची जाणीवच नव्हती असेही नाही. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर अवघ्या आठ वर्षांत, १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ पुस्तक तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. जातीचे समर्थन करणारेही ‘चालत आलेली रीत’ हेच म्हणत होते, आणि जोतीरावांनी ती रीत सोसणाऱ्याच्या बाजूने वाचली.

राहिला भरपाईचा प्रश्न. ज्यांनी केले तेही गेले आणि ज्यांनी सोसले तेही गेले, मग कोणी कोणाला द्यायचे, असे विचारले जाते. भरपाई तर दिली गेलेली आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने दोन कोटी पौंड दिले, सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या जवळपास चाळीस टक्के. ते मिळाले मालकांना. सुटलेल्या माणसाला एक पैसाही नाही, उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत फुकट राबणे. मालकांच्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे रोखे २०१५ मध्ये फेडले गेले. म्हणजे लंडनला स्थायिक झालेल्या जमैकन आणि मराठी कुटुंबांच्या करातूनही. हैतीच्या लोकांनी लढून स्वातंत्र्य घेतले तर फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून त्यांच्यावर पंधरा कोटी फ्रँकची खंडणी लादली, पुढे ती नऊ कोटी केली, आणि त्यासाठीची कर्जे हैती १९४७ पर्यंत फेडत राहिला. सव्वाशे-पावणेदोनशे वर्षे देणे चालू ठेवता येते, सरकारांचा खजिना पिढ्या ओलांडतो, हे दोन्ही देशांनी स्वतःच सिद्ध केले आहे.

म्हणून कॅरिबियन देशांनी २०१४ मध्ये मांडलेली दहा कलमी मागणी मला अवाजवी वाटत नाही. तीत औपचारिक माफी आहे, कर्जमाफी आहे, आरोग्य आणि शिक्षणासाठी मदत आहे. नेदरलँड्सच्या पंतप्रधानांनी २०२२ च्या डिसेंबरात माफी मागितली, पुढच्या जुलैत राजाने. पोर्तुगालच्या अध्यक्षांनी २०२४ मध्ये जबाबदारी घ्यायला हवी असे म्हटले, पण त्यांच्याच देशाच्या सरकारने अशी कुठलीही प्रक्रिया नसल्याचे सांगितले. भारताने या मागणीच्या बाजूने उघडपणे बोलावे. शब्दांबरोबर आपल्या हातात असलेले एक कामही आहे. मोझांबिकचा कारभार गोव्यातून चाले त्या काळातली पोर्तुगीज दप्तरे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. दीव-दमणच्या व्यापाऱ्यांचे आणि आफ्रिकेहून आलेल्या माणसांचे माग अशाच दप्तरांतून काढावे लागतील. ती स्कॅन करून मापुतो, लुआंडा आणि रिओच्या अभ्यासकांना विनाशुल्क खुली करावीत, आणि गोवा सरकारने हे काम कोणी मागायची वाट न पाहता सुरू करावे.